कौसानीचे जुने फोटो: त्रिशूळ डावीकडे की उजवीकडे?

चरईकर (ठाणे)
आमची इमारत रिडेव्हलपमेंटला चाललीय. माळा रिकामा करताना बाबांचा अल्बम हाती लागला: ऑक्टोबर १९८८, एलटीसीवर (नोकरीतल्या प्रवास-सवलतीवर) केलेली, आताच्या उत्तराखंडातल्या कुमाऊँची सहल. नैनिताल, अल्मोडा आणि शेवटी कौसानी. मी तेव्हा इतकी लहान होते की त्यातलं काहीच आठवत नाही, म्हणून हे फोटो मला फार मोलाचे वाटतात.

दोन फोटोंवरून घरात वाद चाललाय. दोन्ही अनासक्ती आश्रमाच्या अंगणातले, एकाच सकाळचे, यावर आई-बाबांचं एकमत आहे. पण तीन टोकांचा मोठा डोंगर एकात डावीकडे आहे, दुसऱ्यात उजवीकडे! बाबा म्हणतात ती नंदादेवी, कारण सगळ्यात मोठी तीच. आई म्हणते त्रिशूळ. बाबांची नजर अधू होत चाललीय. नीट दिसतंय तोवर यातला एक फोटो मोठा करून, शिखरांची नावं घालून त्यांच्या पलंगासमोर लावायचाय. नावं चुकलेली मला चालणार नाहीत.

शिवाय फोटो लाल पडलेत आणि अल्बमच्या चिकट पानांवरून सुटत नाहीत. दोन्ही फोटो पानासकट मोबाइलवर काढून इथे टाकलेत.

घाटवाटा (डोंबिवली)
काकू बरोबर आहेत, तो त्रिशूळच. उंची ७,१२० मीटर. नंदादेवी ७,८१६ मीटर, म्हणजे जवळजवळ सातशे मीटरने उंच, पण ती मागे दडलेली आहे. त्रिशूळ पुढच्या रांगेत, म्हणून कौसानीहून तोच भव्य दिसतो. काकांसारखीच समजूत तिथे आलेल्या बऱ्याच जणांची होते.

कौसानीत आपण उत्तरेकडे तोंड करून उभे असतो. डावीकडून नंदाघुंटी, त्रिशूळ, मग उजवीकडे नंदादेवी, नंदाकोट, आणि पार टोकाला पंचचुली. त्यामुळे त्रिशूळ डावीकडे असलेला फोटो खरा.

निवृत्त_फोटोवाला (वाशी)
दुसरा फोटो उलटा छापलाय. तुमच्या आईंचा पदर बघा: पहिल्यात स्वेटरवरून डाव्या खांद्यावर आहे, दुसऱ्यात उजव्या. ऊनही तपासा. सकाळी ते पूर्वेकडून, म्हणजे उजवीकडून यायला हवं. दुसऱ्यात डोंगराची डावी अंगं उजळलीत. प्रिंट काढताना निगेटिव्ह पालथं पडलं की असं होतं.

लालसरपणाचं म्हणाल, तर त्या काळच्या रंगीत कागदावरचा निळसर रंग आधी उडतो, मग तांबडा वर येतो. स्कॅन केल्यावर तो बराच सुधारता येतो. पण आधी निगेटिव्ह शोधा. ती मिळाली तर प्रिंटच्या नादी लागू नका, त्यात तपशील कितीतरी जास्त असतो.

अल्बममधून फोटो ओढून काढू नका! आधी अख्खं पान स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके). मग डेंटल फ्लॉसचा दोरा कोपऱ्यातून फोटोखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. फोटो वाकायला लागला की थांबा. पावसाळी हवेत तर हे काम मुळीच काढू नका, दमट फोटोचा थर लगेच सुटतो.

चरईकर
पदर! इतके दिवस दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघतोय, पण हे एकालाही दिसलं नाही. बाबांना नंदादेवी मागे असल्याचं वाचून दाखवलं. त्यांनी भिंग मागवलं आणि त्रिशूळच्या उजवीकडचं टोक स्वतः शोधून काढलं.

निगेटिव्हचं पाकीट आईच्या लोखंडी कपाटात मिळालं. पण दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात, एकीवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. सोडवू का?

निवृत्त_फोटोवाला
हात लावू नका. जुन्या फिल्मचं काम करणाऱ्या लॅबकडे तशाच द्या, ते पाण्यात भिजवून सोडवतात. बाकीच्या सुट्ट्या पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. स्कॅन करून घेताना काठावरचे आकडे सुलटे वाचता येतात ना, एवढं बघा. ते सुलटे असले की त्रिशूळ आपोआप डावीकडे येईल.