शाळेतलंच पाळणाघर : तुमचे अनुभव लिहा (सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपास)

कृष्णाकाठची

नमस्कार सगळ्यांना. जूनच्या ॲडमिशनचे फॉर्म सुरू झालेत आणि या आठवड्यात मला तीन जणींनी फोन करून तेच विचारलं, तू लेकीला शाळेतल्याच पाळणाघरात ठेवलीस ना, कसं आहे, ठेवावं का. तिघींना अर्धा अर्धा तास सांगून झाल्यावर वाटलं एका जागी लिहूया, आणि तुम्हीपण लिहा, सातारा कराडकडचे असाल तरी लिहा. चांगलं वाईट दोन्ही चालेल, फक्त शाळांची नावं नकोत.

मी विश्रामबागला राहते, पतसंस्थेत नोकरी, दहा ते सहा. नवरा फिरतीवर. सासूसासरे तासगावकडं, द्राक्षबाग आहे, ऑक्टोबरची छाटणी झाली की माल निघेपर्यंत त्यांना बाग सोडता येत नाही आणि एप्रिलला परत खरडछाटणी, त्यामुळं त्यांच्याकडनं अपेक्षा करणं बरोबर नाही.

लेक अडीच वर्षांची झाल्यावर तिला एका नर्सरीत घातलं, ९ ते ११:३०, आणि तिथनं रिक्षावाले काका तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला खासगी पाळणाघरात सोडायचे. दोन्ही जागा वाईट नव्हत्या हे आधीच सांगते. पण मधली ती वीस मिनिटं... ऐन उन्हात, पेंगुळलेली पोर, डब्याची पिशवी एकीकडं राहायची, पाण्याची बाटली दुसरीकडं. रात्री ती झोपली नाही हे मी नर्सरीच्या बाईंना सांगितलेलं, ते पाळणाघरातल्या मावशींपर्यंत कधी पोचायचंच नाही. एकदा घरी आली तर गुडघा खरचटलेला, रक्त वाळून गेलेलं. दोन्हीकडं फोन केला. कुठं पडली, कधी पडली, कुणालाच सांगता येईना. आणि त्याच आठवड्यात सकाळी बूट घालताना मला विचारते, "आई, आज मी कुणाकुणाची आहे?" मी बुटाचा पट्टा हातात धरून तशीच बसले.

पुढच्या जूनला शाळा बदलली. इथं बालवाडी आणि पाळणाघर एकाच आवारात, मध्ये फक्त एक अंगण आणि कडुनिंबाचं झाड. ११:३० ला बालवाडी सुटली की ताई एक जाड सुती दोरी काढतात, तिला हातहातभर अंतरावर गाठी मारल्यात, प्रत्येक मुलानं एक गाठ धरायची आणि रांगेनं अंगण ओलांडायचं. माझ्या लेकीची तिसरी गाठ. तिला लाल चिंधी बांधलीय, ती तिनं स्वतः मागून घेतली. त्या ताई पलीकडं मुलांना मावशींच्या ताब्यात देताना प्रत्येकाचं एकेक वाक्य सांगतात, हिनं आज डबा अर्धाच खाल्लाय, ह्याला सर्दी आहे. सगळी मिळून दोन मिनिटं लागतात, पण जुन्या पद्धतीत मला तीच दोन मिनिटं मिळत नव्हती.

माझं मत आता पक्कं झालंय की लहान पोराला दिवसातनं दोनदा अनोळखी हातात देऊ नये. एसी नसला तरी चालेल, खेळणी कमी असली तरी चालेल, पण सकाळी ज्यांनी त्याला बघितलं त्यांच्याकडनं दुपारच्या माणसापर्यंत निरोप पोचला पाहिजे.

आता तुम्ही लिहा.

मिरजेची सिस्टर

मी मिरजेत हॉस्पिटलला आहे, शिफ्ट ड्युटी, त्यामुळं माझा प्रश्न थोडा वेगळा होता. पाळणाघर ६ ला बंद आणि माझी दुपारची ड्युटी सुटते ८ ला. पहिले सहा महिने शेजारच्या काकू मुलाला आणायच्या. मग आम्ही चार नोकरदार आया मिळून मुख्याध्यापिका बाईंकडं गेलो, त्यांनी जादा पैसे घेऊन ७ पर्यंत एक मावशी थांबवली. उरलेल्या एक तासाला अजून काकूच आहेत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

माझी नजर नर्सची असल्यामुळं मी पहिल्या दिवशी खेळणी बघितली नाहीत, बेसिन बघितलं. डायपर बदलायची जागा जेवायच्या जागेपासनं लांब आहे का, मावशी त्यानंतर साबणानं हात धुतात का, मुलांचे टॉवेल वेगवेगळ्या खुंटीला आहेत का. इथं प्रत्येक खुंटीवर नावाऐवजी चित्र आहे, वाचता येत नाही ना त्यांना. माझ्या मुलाचं डाळिंब. तो घरी पण डाळिंब दिसलं की "माझं नाव" म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या तळहाताला आणि तोंडात फोड दिसले, हँड फूट माउथ. पाच वर्षांखालच्या मुलांत हे झपाट्यानं पसरतं, लाळेतनं, शेंबडातनं, शी पुसताना. शाळेनं त्याच संध्याकाळी सगळ्या पालकांना मेसेज केला, त्या मुलीचं नाव न घेता, खेळणी धुवून उन्हात टाकली आणि लक्षणं असतील त्यांनी घरी ठेवा म्हणून सांगितलं. लपवलं नाही ह्याचंच मला जास्त कौतुक वाटलं. फोन केल्याशिवाय तापाचं औषध सुद्धा देत नाहीत, आणि हेच बरोबर आहे, कारण डोस वजनावर ठरतो आणि घरनं निघताना आईनं आधीच एक डोस दिलेला असू शकतो.

कुपवाडचा बाबा

मुलीला आणायचं काम माझ्याकडं असतं कारण मी एमआयडीसीत आहे आणि पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. पहिल्याच आठवड्यात गेटवर मावशींनी मला थांबवलं, कार्ड दाखवा म्हणाल्या, कार्ड घरी राहिलेलं, पोरगी आतनं "बाबा बाबा" ओरडतीय तरी सोडेनात. "दादा, राग मानू नगासा, पण फोटो जुळल्याशिवाय मी पोर देत न्हाई." बायकोला फोन लावला, तिच्याशी बोलल्या, फॉर्मवरचा फोटो काढून माझ्या तोंडाकडं बघितलं, मग दिली. वीस मिनिटं गेली. त्या दिवसापासनं मी कामावर निवांत असतो.

एक माहिती सगळ्यांसाठी. २०१७ ला प्रसूती रजेचा कायदा बदलला तेव्हा पहिल्या दोन बाळंतपणांना रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच दुरुस्तीत ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातनं चार वेळा बाळाकडं जाऊ द्यायचं असं पण आहे. बायको आधी जिथं होती तिथं ५० च्या वर माणसं होती, तिनं विचारलं तर साहेब म्हणाले असं काही नसतं. तिनं ती नोकरी सोडली. आता विचारणाऱ्या बायकांनी कायदा वाचून विचारा, एकटीनं विचारू नका, चार जणी मिळून जा.

गावभाग

माझा अनुभव चांगला नाही, तो पण लिहिते.

शाळा मोठी, नाव मोठं, माहितीपत्रकात "डे केअर सुविधा" छापलेलं. प्रत्यक्षात काय तर शाळा सुटल्यावर तोच वर्ग, तेच बाक, बाक भिंतीला लावून सतरंजी टाकायची आणि टीव्ही लावायचा. सहा महिन्यांत चार मावशी बदलल्या. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, तो नवीन मावशीकडं जेवायचाच नाही, डबा भरलेला परत यायचा आणि कुणी सांगायचं पण नाही, संध्याकाळी मी उघडला की कळायचं. मी पालकसभेत बोलले तर उत्तर आलं की सीसीटीव्ही आहे ना मॅडम, ॲपवर बघा. मी ऑफिसमध्ये बसून माझं पोर जेवत नाही हे ॲपवर बघत बसू?

शेवटचा घाव सुट्टीचा. २५ एप्रिलला मेसेज आला, १ मे पासून शाळेबरोबर डे केअर पण बंद, जूनच्या मध्याला उघडेल. पाच दिवसांत दीड महिन्याची सोय कुठनं करायची? आईला पुण्यातनं बोलावलं, तिचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं ते पुढं ढकललं. ते मला आजही खातं. तेव्हा फॉर्म भरायच्या आधी लेखी घ्या, मे महिना, दिवाळी, गणपती, शाळेच्या परीक्षा, स्नेहसंमेलन, या सगळ्या दिवसांत पाळणाघर उघडं आहे का.

कृष्णाकाठची

गावभाग ताई, वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडं मे महिन्यात अर्धी मुलं असतात, पाळणाघर सुरू असतं, फक्त रविवार आणि मोठे सण बंद. पण हे मला पण आधी विचारायचं सुचलं नव्हतं, नशिबानं चांगलं निघालं. आईंचं ऑपरेशन झालं का आता?

गावभाग

हो, दिवाळीनंतर झालं. बरी आहे.

बालवाडीची ताई

मी इथं पालक म्हणून नाही, काम करणारी म्हणून लिहितेय. चौदा वर्षं बालवाडीत होते, गेली पाच वर्षं त्याच शाळेच्या पाळणाघराचं बघते. माझ्याकडं अकरा मुलं आणि दोन मावशी.

पालक येतात आणि विचारतात, दुपारी काय शिकवता? अक्षरं घेता का, इंग्लिश घेता का? मी सांगते, दुपारी आम्ही झोपवतो. तोंड बघण्यासारखं होतं काहींचं, पण मी मनापासनं सांगते, अनोळखी घरात तीन वर्षांचं पोर डोळे मिटतं म्हणजे त्यानं तुमच्यावर केवढा विश्वास टाकला. आमच्याकडं प्रत्येकाची गोधडी घरनं आलेली, बहुतेक आईच्या नाहीतर आजीच्या लुगड्याची. एक मुलगा जूनमध्ये आला तो सतरा दिवस झोपला नाही, बसून राहायचा, चप्पल पायात घालून, आई आली की लगेच निघता यावं म्हणून. आमच्या मोठ्या मावशींनी त्याला एकदा पण झोप म्हटलं नाही. त्याच्याशेजारी बसून मेथी निवडत राहायच्या. अठराव्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं एक चप्पल काढली. एकच. आणि मावशींच्या मांडीवर डोकं टेकलं. दुसरी चप्पल पायात तशीच होती, आम्ही काढली नाही.

हे शाळेला जोडून का हवं याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं कोसबाडला गेल्या, तिथं त्यांना दिसलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळायचं असतं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, विकासवाडी म्हणत त्याला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात आता ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातनं शिकवा म्हटलंय, ते वाचताना मला कोसबाडचीच आठवण आली.

एक मागणं आहे पालकांकडं. मावशींचा पगार विचारा. शाळेला विचारायला लाजू नका. मावशी सारख्या बदलतात त्यामागं बहुतेक वेळा पगार असतो, हे मी पाच वर्षं बघतेय. जी बाई तुमच्या लेकराची शी धुते, घास भरवते, तिला दुसरीकडं धुणंभांड्यात जास्त मिळत असेल तर ती जाणारच आणि तुमचं लेकरू परत नवीन माणसाला बिलगायला शिकणार.

साताऱ्याची आजी

सून बँकेत, मुलगा पुण्याला. नातू पोवई नाक्याजवळच्या शाळेत जातो आणि चार वाजेपर्यंत तिथंच राहतो. नातेवाईक मला म्हणाले, आजी घरात असताना पोर पाळणाघरात? मला फार लागलं ते. माझं वय ६८, गुडघ्याला पट्टा. मला त्याला गोष्टी सांगायच्यात, त्याच्याशी पत्ते खेळायचेत, पण जिन्यावरनं खाली पळाला तर मी धरू शकत नाही. चारला तो येतो तेव्हा माझी झोप झालेली असते आणि मी त्याची वाट बघत असते. सून पण माझ्याशी आता मोकळी असते, आधी तिला सारखं वाटायचं आपण सासूला राबवतोय.

हरिपूर रोड

मी एकच गोष्ट लिहितो, पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं ते सगळ्यांना आठवतंय. आमचं पोर तेव्हा गावातल्या एका पाळणाघरात, बायको मिरजेत, मी इस्लामपूरला. पाणी चढायला लागल्यावर पाळणाघरातनं फोन आला नाही, मीच केला, तर म्हणाले "अजून लांब आहे हो." मेहुणा गेला मोटरसायकलवर आणि घेऊन आला, संध्याकाळी त्या गल्लीत पाणी. काही झालं नाही, पण तो दिवस मी विसरत नाही.

आता धाकटी शाळेच्या पाळणाघरात आहे. ॲडमिशनला आम्हाला एक कागद दिला, त्यात लिहिलंय आयर्विनला ४० फूट झालं की मुलं घरी. ४० म्हणजे इशारा पातळी, धोका पातळी ४५ ला आहे. म्हणजे धोक्याची वाट बघत बसत नाहीत. शिवाय तीन फोन नंबर घेतलेत, त्यातला एक नदीच्या अलीकडचा पाहिजे आणि एक पलीकडचा, पूल बंद झाला तर. ज्यानं हे लिहिलं त्यानं पूर बघितलाय हे कळतं.

नवीन आई, माधवनगर

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. माझी मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची, जुलैपासनं मला कामावर परत जायचंय. दोन शाळा बघून आले, दोन्हीकडं सकाळी अकराला नेलं, सगळं चकाचक. मला विचारायचं काय तेच कळलं नाही.

कृष्णाकाठची

अकराला जाऊ नको गं, अकराला सगळीकडं छानच दिसतं. दुपारी दोनला जा, न सांगता. दोनला काही मुलं झोपलेली असतात, एखादं रडत असतं, एखाद्यानं चड्डी ओली केलेली असते, मावशी थकलेल्या असतात. त्या रडणाऱ्या पोराजवळ कोण आहे ते बघ. आत सोडलं नाही तर दारातनं आवाज ऐक. आणि मावशींना त्या मुलाचं नाव विचार, घरात काय म्हणतात ते पण विचार. आमच्या मावशींना लेकीचं घरातलं नाव, तिला भोपळ्याची भाजी आवडत नाही आणि झोपताना कान धरायला लागतो, सगळं माहीत आहे.

शनिवारी मी तिला दीड वाजता आणायला जाते. माधवनगरहून लांब नाही, येतेस का? गेटजवळ कडुनिंबाखाली थांबते, लेकीला घेऊन ये, दोघी दोरी धरून एक चक्कर मारतील. तिला गाठ मात्र चौथी घ्यायला लागेल, तिसरी आमची आहे.