रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय : तुमचा अनुभव सांगा

पावसाळी :
२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीत आमच्या घरात पाणी शिरलं, गणपती महिन्याभरावर आलेले आणि शाडूच्या मूर्ती विरघळून नुसता चिखल झाला. तेव्हापासून पाऊस लागला की माझं पोट बिघडतंय. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पण आकडा ३० च्या पुढं गेला की मला कळा सुरू, सकाळी तीन-तीनदा जावं लागतं. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं क्लिअर. डॉक्टर म्हणाले आयबीएस, म्हणजे तपासणीत काही सापडत नाही पण आतडं बिघडतं, आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतंय, डोक्यातला ताण तिथंवर पोचतो. घरचे म्हणतात मनाचे खेळ. कळ तर खरीच येते की! कुणाला असं झालंय का, सविस्तर लिहा.

राजारामपुरीकर :
ताई, माझं जबड्याचं. कर्जाचे हप्ते थकले होते त्या वर्षी सकाळी उठल्यावर तोंडच उघडायचं नाही, भाकरीचा तुकडा चावला की कळ थेट कानात, मी कानाच्या डॉक्टरांकडं दोनदा जाऊन आले. शेवटी डेंटिस्टनी आरसा हातात दिला, दाढांची टोकं घासून सपाट झालेली. झोपेत दात खात होते आणि मला पत्ताच नाही. रात्री दातांवर नाईट गार्ड लावते, पण खरं बरं वाटलं ते घरात कर्जाचं बोलून टाकल्यावर.

मधली लेक :
बाबा मार्चमध्ये गेले, केस जूनमध्ये गळायला लागले, कंगवा भरून. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या मोठ्या धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, बहुतेक वेळा परत येतात. आले.

फौंड्रीवाला :
एक सांगतो, आधी तपासण्या करा. शिरोलीत फौंड्रीत शिफ्टमध्ये काम करताना माझी ॲसिडिटी दोन वर्षं सगळ्यांनी टेन्शनवर ढकलली, मीपण. एंडोस्कोपीत अल्सर आणि एच पायलोरी नावाचा पोटातला जंतू निघाला, १४ दिवसांच्या गोळ्यांनी गेला. पूर्वी डॉक्टरपण अल्सर म्हणजे टेन्शनच समजायचे, १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरेन यांनी हा जंतू शोधला, २००५ चं नोबेल त्यालाच. आणि छातीत दुखलं तर टेन्शन असेल म्हणून घरात बसायचंच नाही, आधी ईसीजी.

पावसाळी :
पटलं दादा. माझ्या तपासण्या झाल्यात म्हणूनच आता काउन्सेलिंग सुरू केलंय. रात्री फारच घालमेल झाली तर १४४१६ ला फोन लावते, सरकारची टेली मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाईन, मराठीत बोलतात. आज पातळी ३२ आहे. पोट दुखतंय, पण माती मळायला बसलेय.