प्रतिसाद: रेडिओवरचं पहिल्या आंघोळीचं कीर्तन

वरती कोणीतरी म्हटलंय की दिवाळी पहाट हे नाट्यगृहवाल्यांनी काढलेलं फॅड आहे, अहो पण त्याच्या कितीतरी आधीपासून आकाशवाणी पुणे होतंच की! १९५३ साली सुरू झालेलं केंद्र, मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झ. नरकचतुर्दशीला पहाटे सनई आणि मग नरकासुरवधाचं कीर्तन, आमची आई तेल चोळता चोळता ऐकायची आणि बुवांनी नरकासुर मारायच्या आत आंघोळ उरकली नाही तर नरकात जाल अशी धमकी, त्यामुळे घड्याळ कोण बघतंय. आता अ‍ॅपवर सगळं स्वच्छ ऐकू येतं म्हणा, तेव्हा मात्र खरखर इतकी की अर्धा पूर्वरंग (कीर्तनाचा सुरुवातीचा निरूपणाचा भाग) त्यातच जायचा, मग मी उटण्याच्या हातानेच बटण फिरवायचो आणि ओरडा खायचो. ते बटण शेवटपर्यंत चिकटच राहिलं :)