सासूबाई वॉकरवर आहेत, घराभोवतीची वाट नवी करायचीये: कोटा फर्शी ठेवू की पेव्हर (काँक्रीटचे ब्लॉक) टाकू? (इंदूर)

तुळस_आणि_कूलर:
नमस्कार मंडळी, सल्ला शक्यतो इंदूरवाल्यांनी द्या, कारण माती आणि मिस्त्री दोन्ही इथलेच आहेत. राजेंद्र नगरात आमचं जुनं बैठं घर आहे, गेटपासून ओटल्यापर्यंत साधारण तीस फूट वाट आणि तिथून एमओएसमधून (घराभोवती सोडलेली मोकळी जागा) मागच्या अंगणात जायचा बोळ, सगळीकडे पॉलिशवाला कोटा. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात, आणि रोज मागच्या तुळशीपाशी त्यांना स्वतःच जायचं असतं, कुणी हात धरला की चिडतात. बोळात बाराही महिने काई (शेवाळ), मध्ये दोन फरश्या वर आल्यात, ओटल्याच्या दोन पायऱ्या एक बुटकी एक उंच. ठेकेदार म्हणतो सगळं उखडून पेव्हर टाका, दीर म्हणतात इतका छान कोटा हात लावू नका, नवरा म्हणतो रबरी मॅट टाक आणि विषय संपव. पावसाच्या आत उरकायचंय.

जीरावन_जास्त:
पेव्हर टाका डोळे मिटून. आमच्याकडे सुदामा नगरला आहेत, घसरत नाहीत, आणि खाली पाइप फुटला तर चार ब्लॉक काढा, काम करा, परत बसवा. मॅट मुळीच नको, तिच्याखाली पाणी साचतं आणि कडा वळली की वॉकरचा पाय तिथेच अडकतो.

मुरमाचा_माणूस:
ताई, कोटा की पेव्हर हे नंतर, आधी फरश्या वर का आल्या ते बघा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आक्रसते, तिच्यावर थेट काहीही टाका, दोन-तीन वर्षांत वरखाली होणारच. पेव्हर तर आणखी लवकर, कारण तो सुटासुटा असतो. म्हणून दीड फुटापर्यंत काळी माती काढा, बाहेर टाकून द्या (ठेकेदार तीच परत भरतात, उभं राहून बघा), तिथे मुरूम भरा, पण एकदम नाही, सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. वर पेव्हर असेल तर गिट्टीचा (खडीचा) थर, मग डस्ट (दगडाची बारीक चुरी). दोन्ही कडांना काँक्रीटचा कर्ब (पक्का काठ) पाहिजेच, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाजूला सरकतात. चालायच्या वाटेला 60 एमएमचा ब्लॉक पुरतो, कार चढणार असेल तिथे 80.

आणि बाराही महिने काई म्हणजे पाणी कुठून तरी रोज येतंय. कूलर कुठे आहे?

तुळस_आणि_कूलर:
बोळातच 😅 एसीचा पाइपही तिथेच सुटलाय आणि गच्चीचं पाणीसुद्धा.

मुरमाचा_माणूस:
मग निम्मं काम तिथेच आहे. तिन्ही पाणी बंद पाइपने बाहेर न्या, गच्चीचं रिचार्ज पिटमध्ये (पाणी जिरवायच्या खड्ड्यात) सोडा पण पिट भिंतीपासून लांब. नाहीतर सोन्याची फर्शी टाका, त्यावरही काई येईल. वाटेला भिंतीकडून बाहेर ढाळ द्या, फुटाला पाव इंच, म्हणजे मीटरला दोन सेंटीमीटर. त्याहून जास्त दिलात तर वॉकर एका बाजूला ओढतो.

बोगनवेल_बाई:
मी थोडं वेगळं सांगते. सगळा एमओएस फर्शीने मढवू नका गं, भिंतीलगत दीड फूट मातीची पट्टी सोड, झाडं लाव, पाणी जिरेल, उन्हाळ्यात भिंतही गार राहील. सगळीकडे काँक्रीट करून मग बोअरिंग आटलं म्हणून रडतो आपण.

मुरमाचा_माणूस:
पट्टी सोडा, पण भिंतीलगत अजिबात नाही काकू. काळ्या मातीत घराच्या पायालगत रोज झारीने पाणी घातलं की तिथली माती फुगलेली राहते आणि बाकीची कोरडी, मग भिंतीला तिरप्या भेगा जातात. घराला चिकटून प्लिंथ प्रोटेक्शन (पायात पाणी मुरू नये म्हणून भिंतीलगतचा पक्का पट्टा), मग वाट, आणि झाडांची पट्टी पार कंपाउंड वॉलच्या बाजूला. ढाळही तिकडेच आहे, म्हणजे पावसाचं पाणी आपोआप झाडांना मिळेल.

बोगनवेल_बाई:
बरं, हे पटलं. पण मग बोगनवेल नको लावूस हो, माझं नाव काही असो. काटे बरोबर हाताच्या उंचीला येतात. पारिजातकही वाटेवर नको, ओली फुलं तुडवली की पाय सटकतो.

गुडघे_तज्ज्ञ:
फिजिओ आहे म्हणून चालणाऱ्याच्या बाजूने लिहितो. वाटेची मोकळी रुंदी कमीत कमी तीन फूट, जमलं तर चार, म्हणजे सोबतचा माणूस शेजारून चालू शकतो. कुंड्या, मीटरचा बॉक्स, उघडणारी खिडकी हे सगळं मोजून मग उरलेली रुंदी. पेव्हर घेणार असाल तर कडा कमी तासलेला घ्या, खोल खाचांवर वॉकरची पुढची चाकं खडखडतात. दगडांच्या मध्ये हिरवळ वगैरे फोटोत छान दिसतं, इथे नको. नालीच्या जाळीच्या फटी चालायच्या दिशेला आडव्या पाहिजेत, अर्ध्या इंचाहून कमी.

पायऱ्यांचं मात्र मनावर घ्या. उंची असमान असली की माणूस हमखास अडखळतो, पायाला पहिल्या पायरीची सवय लागलेली असते. दोन्ही सहा इंचांच्या करा, पाऊल ठेवायला बारा इंच, कडेला वेगळ्या रंगाची पट्टी. रॅम्प करायचा असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, ठेकेदार चार फुटांत बसवून देतो म्हणेल, ती घसरगुंडी होते. दारापुढे सपाट जागा हवी, कमीत कमी चार फूट, नाहीतर दार उघडताना वॉकर मागे सरकतो.

जीरावन_जास्त:
मग कोटा फेकायचा का? दीर रुसतील 😄

मुरमाचा_माणूस:
फेकायचा कशाला. ज्या फरश्या धड निघतील त्या उलट्या करून बसवा, खालची बाजू खरबरीत असते. मसाला लागलेला असतो तो घासून काढावा लागेल, मजुरी जाईल, पण नव्या दगडापेक्षा स्वस्त. गेटची वाट तशी करा, बोळात पेव्हर. धुताना कोट्यावर अॅसिड ओतू देऊ नका, तो चुनखडीचाच दगड, अॅसिड त्याला खातं. काईला ब्लीचिंगचं पाणी, थोडा वेळ ठेवून ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंग आणि अॅसिड एकत्र कधीच नाही, विषारी गॅस होतो.

तुळस_आणि_कूलर:
उलटी फर्शी! हे दिरांना लगेच पटलं. एकच राहिलं, सकाळी अंधारातच जातात त्या, लाइट आणि रेलिंग कसं?

गुडघे_तज्ज्ञ:
लाइट गुडघ्याच्या उंचीला, उजेड खाली पडेल असे, वर लावलेला फोकस डोळ्यांवर येतो आणि स्वतःचीच सावली पायाखाली पडते. सेन्सरवाले चालतील पण लवकर विझणारे नकोत, त्या सावकाश चालतात. बाहेरच्या लाइनला 30 मिलीअॅम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असू द्या. रेलिंग पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी, अडीच-तीन फुटांवर, मुठीत मावेल असा दीड इंची पाइप. स्टील मे महिन्यात दुपारी हात लावू देत नाही, त्यावर दोरी गुंडाळा किंवा पीव्हीसीचं कव्हर घाला.

तुळस_आणि_कूलर:
ठीक, कूलरचा पाइप याच रविवारी फिरवून घेते, खोदकाम पाडव्यानंतर. मुरूम ट्रॉलीने घ्यायचा की डंपरने, कुणाला अंदाज आहे का?

मुरमाचा_माणूस:
लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा, त्यात पाव हिस्सा वाढवा, कुटल्यावर बसतो तो. तुमच्या गल्लीत डंपर वळेल का ते आधी बघा.