मदत हवी आहे: एलएचसी जनुकांचा वंशवृक्ष असाच यायला हवा का?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एमएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प सगळा कॉम्प्युटरवरचा, त्यामुळे रंकाळा शेजारी असून तिथल्या शेवाळाचा मला काडीचा उपयोग नाही.

क्लॅमिडोमोनास राइनहार्टी (एकपेशीय हिरवं शैवाल) आणि अराबिडोप्सिस (छोटी सपुष्प वनस्पती) यांच्यातल्या, प्रकाश टिपणाऱ्या एलएचसी प्रथिनांचे क्रम घेतले, माफ्ट या प्रोग्रामने जुळवले, आयक्यू-ट्री या प्रोग्रामने वंशवृक्षाचं झाड काढलं. क्लॅमिडोमोनासची एलएचसीबीएम-१ ते ९ ही नऊच्या नऊ एका फांदीवर आली, अराबिडोप्सिसची एलएचसीबी-१, २, ३ दुसऱ्या फांदीवर. सर म्हणतात, एकास एक जोड्या लागायला हव्यात, झाड चुकलंय. त्यात एलएचसीबीएम-२ आणि ७ यांच्यातलं अंतर जवळजवळ शून्य.

दुसरं, झाडाचं मूळ कुठे धरू? हे कुटुंब सायनोबॅक्टेरियाच्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंच्या) एचएलआयपी या छोट्या प्रथिनांतून आलं म्हणतात, मग तीच आउटग्रुप, म्हणजे मूळ ठरवायला बाहेरचा गट, घ्यावीत का? सबमिशन तोंडावर आलंय.

तांबडा_पांढरा:
ट्रान्झिट पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाच्या पुढचा पत्त्यासारखा तुकडा, कापलं का? ही जनुकं केंद्रकात असतात, प्रथिन हरितलवकात शिरलं की पुढचा तुकडा छाटला जातो. तो भाग दोघांत धड जुळत नाही, उगाच गोंधळ घालतो. आधी तो काढा, मग बोलू.

पंचगंगाकाठ:
काढला. झाड तसंच आलं.

हरितलवक:
मग झाड बरोबर आहे. हिरव्या शैवालांची ही शाखा आणि जमिनीवरच्या वनस्पतींची शाखा वेगळी झाल्यावर दोन्हीकडे एलएचसीबी जनुकांची द्विरुक्ती (एका जनुकाच्या दोन प्रती होणं) स्वतंत्रपणे झाली. त्यामुळे एलएचसीबीएम-१ म्हणजे एलएचसीबी-१ चा भाऊ, असं नाही. आकडे फक्त नाव देणाऱ्यांचे.

सरांना पटवायचं असेल तर एलएचसीबी-४ आणि ५, म्हणजे सीपी२९ आणि सीपी२६, त्याच झाडात टाका. ती फाटाफुटीच्या आधीची आहेत, त्यामुळे क्लॅमिडोमोनासची आणि अराबिडोप्सिसची शेजारी यायलाच हवीत. ती आली तर तुमची पद्धत नीट आहे, आणि मग नऊजणांचा घोळका खराच आहे. एलएचसीबी-६ मात्र क्लॅमिडोमोनासमध्ये शोधत बसू नका, नाही.

२ आणि ७ ची परिपक्व प्रथिनं तंतोतंत सारखीच असतात. त्यांच्यासाठी प्रथिनाऐवजी डीएनए क्रम पाहा. प्रथिन न बदलणाऱ्या जागी किती फरक आहे ते बघा, इंट्रॉनही (जनुकातले प्रथिनात न उतरणारे तुकडे) तपासा. द्विरुक्ती अलीकडची, की जुन्याच जनुकांना जीन कन्व्हर्जनने (एका प्रतीचा क्रम दुसरीवर उतरण्याने) सारखं करून ठेवलंय, हे प्रथिनावरून कधीच कळणार नाही. व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी हे हिरवं शैवालही जोडाच. क्लॅमिडोमोनासचा जवळचा नातेवाईक आहे, आणि जीनोम २०१० पासून उघडा आहे.

एचएलआयपी आउटग्रुप नको. तिथे पटलातून जाणारी एकच हेलिक्स (प्रथिनाचा पिळदार भाग), एलएचसीला तीन, त्यातली पहिली आणि तिसरी एकमेकींसारखी. मग ती एक हेलिक्स पहिलीशी जुळवणार की तिसरीशी? त्यापेक्षा फोटोसिस्टिम-१ ची एलएचसीए घ्या, तिथे मूळ धरा.

तांबडा_पांढरा:
एलएचसीएसआर, म्हणजे जादा प्रकाशापासून बचाव करणारी याच कुटुंबातली प्रथिनं, घेतली असतील तर तीही वेगळी ठेवा. अराबिडोप्सिसमध्ये ती नाहीत, पण फिस्कोमिट्रेला या मॉसमध्ये आहेत. जोडीदार दिसला नाही म्हणजे झाड मोडलं असं नव्हे, मधल्या वाटेवर जनुक गळालंय.

पंचगंगाकाठ:
आत्ताच ४ आणि ५ टाकून रन लावला. जोड्या लागल्या, दोन्ही फांद्यांवर बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची याचा आकडा) चांगला आहे. झाडाची प्रिंट घेऊन उद्या सरांकडे जाते. व्हॉल्व्हॉक्सचे क्रम फायटोझोम या डेटाबेसवरून घेऊ ना, की एनसीबीआयच्या डेटाबेसवरून?

हरितलवक:
फायटोझोम. तिथे इंट्रॉनही लगेच दिसतील.