मिनिकॉयचा एक दिवस

कुणीतरी विचारलंय, लक्षद्वीपच्या क्रूझवर बेटावर एकच दिवस मिळतो, तर वयस्कर आईला न्यावं का? जरूर न्या. आम्ही कोथरूडहून माझ्या आईला लक्षद्वीपच्याच मिनिकॉय बेटावर घेऊन गेलो होतो. प्रवाळामुळे आतलं पाणी उथळ, म्हणून जहाज बाहेरच थांबतं आणि लहान बोटीत उतरावं लागतं. तेवढा क्षण जपा. लाटेबरोबर बोट वर आली की खलाशी दंड धरून अलगद घेतात.

१८८५ सालचं दीपगृह बघाच. इथली महल भाषा मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण, हे ऐकून मला फार नवल वाटलं. आई मात्र तासभर गुडघाभर पाण्यातच उभी! पायांभोवती चिमुकले मासे फिरत होते, आणि ती साडीचा ओचा धरून नुसती बघत होती. लक्षद्वीपला जायच्या परवान्याचे कागद पुण्यातूनच पूर्ण करून निघा.