अनुभव धागा: उमेदवाराची लष्करी सेवा आणि आपल्या घरातली भांडणं

एडिसनकर (धागा काढणारी)

२०२४ च्या श्रावणात आमच्याकडे मंगळागौरीला जमलेल्या बायका फुगड्या सोडून एकाच विषयावर तावातावाने बोलत होत्या: उपाध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार टिम वॉल्झ लष्करातून निवृत्त झाले ते कमांड सार्जंट मेजर म्हणून की मास्टर सार्जंट म्हणून? त्यांतल्या एकीच्याही घरातलं कुणी कधी गणवेशात नव्हतं. माझ्याही नाही. तरी मी पुरणपोळ्या गार होईपर्यंत भांडले.

अमेरिकेत दर चार वर्षांनी हे होतं. उमेदवार तरुणपणी कुठे होता, युद्धावर गेला का, कसा टाळला, पदक खरं का. तुमच्या घरात, ऑफिसात, मित्रमंडळींत यावरून काय काय झालं ते लिहा. मत कुणाला दिलंत ते विचारलेलं नाही, सांगूही नका.

कोलंबसकर

२००४. नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलं मत, आणि राहायला ओहायोत. म्हणजे टीव्ही लावला की प्रचाराच्या जाहिराती. जुलैअखेरीस डेमोक्रॅटिक पक्षाच्या बोस्टनच्या अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार जॉन केरीने सलाम ठोकून 'ड्यूटीवर हजर आहे' म्हटलं, आणि आठवडा होतो न होतो तोच 'स्विफ्ट बोट'वाल्या (व्हिएतनाममधल्या छोट्या गस्ती बोटींवरच्या) माजी नौसैनिकांची ती जाहिरात आमच्याकडे सुरू झाली. एकामागून एक म्हातारे येऊन सांगायचे, हा खोटारडा आहे. केरीकडे सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, तीन पर्पल हार्ट (लढाईत जखमी झालेल्यांना मिळणारं पदक). सगळी नौदलाने दिलेली, कागदावर सही-शिक्क्यासह. मला कळेना, यात वाद कसला?

आमच्या कारखान्याच्या जेवणघरात दोन व्हिएतनामवाले होते. एक देखभाल विभागात, दुसरा माझ्या शेजारच्या टेबलावर ड्रॉइंग काढणारा. वर्षानुवर्षं एकत्र जेवणारी माणसं. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी टेबलं वेगळी केली.

देखभालवाल्याला मी एकदा धीर करून विचारलं, तुम्हाला ती पदकं खोटी वाटतात का? तो म्हणाला, पदकांचं मला काही पडलेलं नाही. पण केरी एप्रिल १९७१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे गेला आणि आमच्या पोरांनी तिकडे काय काय अत्याचार केले याच्या ऐकीव हकिकती साऱ्या देशाला सांगितल्या. त्याच सुमारास मी परत आलो होतो, माझ्या स्वतःच्या मावशीने मला विचारलं, तूही असलं काही केलंस का रे? हे तो मला २००४ मध्ये सांगत होता, आणि चमचा ताटात आपटत होता.

ड्रॉइंगवाल्याचं उलट. त्याच्या मते केरीने आयुष्यात केलेलं सर्वांत धाडसाचं काम तेच, बोटीवरचं नव्हे. शिवाय त्याचा एक हुकमी मुद्दा होता: बाय हाप नदीतून केरीने ज्याला ओढून वर काढलं तो जिम रासमन स्वतः रिपब्लिकन, तरी आयोवात केरीच्या बाजूने उभा राहिला. केरीच्या बोटीवरचे बहुतेक सगळेही त्याच्याच बाजूने होते. जाहिरातीतले म्हातारे दुसऱ्या बोटींवरचे.

मग रिपब्लिकन पक्षाच्या न्यू यॉर्कच्या अधिवेशनात काही प्रतिनिधींनी जांभळ्या हृदयाचं चित्र असलेल्या जखमेच्या पट्ट्या गालांवर, हनुवट्यांवर चिकटवल्या, केरीच्या जखमा किरकोळ होत्या म्हणून खिजवायला. दुसऱ्या दिवशी देखभालवाला मुकाट्याने येऊन ड्रॉइंगवाल्याच्या समोर बसला. त्याच्या थोरल्या भावाला पर्पल हार्ट मिळालेलं होतं. मत त्याने तरीही केरीला दिलं नसणार, मला खात्री आहे. ओहायो बुशकडे गेलं सुमारे १ लाख १८ हजार मतांनी, आणि त्याबरोबर अध्यक्षपदही.

पुणेकर

हे सगळं वाचून गंमत वाटली. तिथल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईवरून आपले लोक कशाला रक्त आटवतात? आपल्याकडे राष्ट्रपती तिन्ही दलांचे सरसेनापती, पण उमेदवाराला कुणी विचारतं का, तुम्ही परेड केली होती का म्हणून?

ठाणेकर

@पुणेकर, विचारायची वेळ आली होती की. २००२ ला अब्दुल कलामांच्या विरोधात डाव्या पक्षांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं होतं. आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पथकाच्या प्रमुख. आमच्या आजोबांचा प्रश्न एवढाच होता की दोघांपैकी एकाने रायफल हातात धरली आणि एकाने क्षेपणास्त्र बनवलं, आता आमदार-खासदार कुणाला देणार? त्यांनी कलामांना दिलं, भरघोस. पण सहगलबाईंच्या सेवेवर कुणी चिखल उडवल्याचं मला आठवत नाही. बहुधा निकाल आधीच ठरलेला होता म्हणून. जिथे काटे की टक्कर तिथेच जुने कागद बाहेर येतात.

ह्यूस्टनकर

कागदांवरून आठवलं. इथल्याच एलिंग्टन तळावर जॉर्ज बुश तरुणपणी टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये (राज्याच्या अर्धवेळ राखीव हवाई दलात) एफ-१०२ लढाऊ विमान चालवायचे. १९७२ मध्ये ते एका सिनेट उमेदवाराच्या प्रचाराला अलाबामात गेले, वैद्यकीय तपासणी चुकवली, उड्डाणाची परवानगी गेली. मग त्या काळात हजेरी लावली की नाही, हा प्रश्न. रास्त प्रश्न होता, माझ्या मते.

८ सप्टेंबर २००४ ला सीबीएस वाहिनीने बुशचे तेव्हाचे वरिष्ठ कर्नल किलियन यांची म्हणून काही टिपणं दाखवली. किलियन १९८४ लाच वारले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आणि एक टेक्सन सहकारी छापील प्रती घेऊन बसलो. मी अमेरिकेत येण्याआधी पुण्यात छपाईच्या धंद्यात होतो. गोदरेजच्या टाइपरायटरवर काढलेली पत्रं हजारोंनी हाताळलेली. टाइपरायटरचं अक्षर कसं बसतं हे माझ्या बोटांना माहीत. त्या टिपणांत 'आय' आणि 'एम'ला वेगवेगळी रुंदी, आकड्याच्या डोक्यावर इवलंसं 'टीएच'. कॉम्प्युटरवर वर्ड उघडून तोच मजकूर नेहमीच्या टाइम्समध्ये टाइप केला, तर ओळी जवळजवळ तिथेच तुटल्या. त्या वेळी असं करू शकणारी यंत्रं अजिबात नव्हती असं नाही, पण गार्डच्या साध्या ऑफिसात?

आता गंमत ऐका. किलियन यांच्या ऑफिसात टाइपिंग करणाऱ्या बाई, तेव्हा वय ८६, पुढे आल्या आणि म्हणाल्या की ही टिपणं मी टाइप केलेली नाहीत, पण यात लिहिलंय ते तेव्हाच्या वस्तुस्थितीला धरून आहे. हे वाक्य मी सहकाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, झालं, कागद खोटा, विषय संपला. आणि खरंच संपला. २० सप्टेंबरला वाहिनीने माफी मागितली, पुढच्या मार्चमध्ये ती बातमी देणारे निवेदक डॅन रादर यांनी संध्याकाळच्या बातम्या सोडल्या. अलाबामाचं नाव परत कुणी काढलं नाही. एका 'टीएच'ने अख्खा प्रश्न गिळला याचा मला अजूनही राग येतो, आणि तो 'टीएच' मीच हौसेने सगळ्यांना दाखवत हिंडत होतो.

अटलांटाकर

मॅक्स क्लीलंड. अध्यक्षपदाचे उमेदवार नव्हते, सिनेटचे होते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि उजवा हात गमावलेला माणूस. २००२ मध्ये त्यांच्याविरुद्धच्या जाहिरातीत बिन लादेन आणि सद्दामचे चेहरे आले, देशाच्या सुरक्षेला हे कमी पडतात म्हणून. हरले. माझे सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांनी जाहिरात पाहिली, मला विचारलं, "सूनबाई, ज्याने पाय दिले त्याला हे काय म्हणतायत?" मी भाषांतर करून सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद करायला लावला.

सेंट लुईसकर

@ह्यूस्टनकर, कागद खरे असले तरी सापडतीलच असं नाही. आमच्या गावात लष्करी सेवेच्या नोंदींचं राष्ट्रीय केंद्र आहे. १२ जुलै १९७३ ला त्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांच्या वर फाइली जळाल्या, मुख्यतः १९१२ ते १९६० मधल्या भूदलाच्या, आणि हवाई दलाच्याही काही. आमचे शेजारी आजोबा कोरियात लढलेले. त्यांना पेन्शनच्या कामासाठी फाइल हवी होती. उत्तर आलं, जळाली. पगाराच्या जुन्या नोंदींवरून तारखा जुळवून एक दाखला मिळाला, त्याला दोन वर्षं लागली.

म्हणून टीव्हीवर कुणी ऐटीत म्हणालं की 'त्याने सगळी फाइल उघडी करावी', की आजोबा हसायचे. अवांतर: केरीने निवडणूक हरल्यावर, २००५ मध्ये, आपली फाइल उघडी करायची परवानगी देणारा फॉर्म १८० भरून फाइल वर्तमानपत्रांना दिली. तिच्यात युद्धाबद्दल नवं काही निघालं नाही. निघाले ते येल विद्यापीठातले गुण. केरीची सरासरी ७६, बुशची ७७. यासाठी एवढा आटापिटा!

फिनिक्सकर

व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेले ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅकेन २००८ मध्ये अध्यक्षपदाला उभे होते, त्यांना मी मत दिलं नाही, (सांगू नका म्हटलंय, पण आता सांगून झालं). तेव्हा आमच्या भिशीत मला सगळ्या 'कृतघ्न' म्हणाल्या. ॲरिझोनात राहून मॅकेनना नाही! माझं म्हणणं होतं की कैदेतलं धैर्य वेगळं, अर्थव्यवस्था वेगळी.

नंतर व्हिएतनामच्या सहलीत हनोईला ट्रुक बाक तलावाकाठी उभी राहिले. ऑक्टोबर १९६७ मध्ये विमान पाडल्यावर मॅकेन इथेच पडले, दोन्ही हात आणि एक पाय मोडलेला. तिथे व्हिएतनामी लोकांनी दगडी स्मारक उभारलंय, आपण पाडलं म्हणून. वडील मोठे ॲडमिरल, त्यामुळे लवकर सोडायची तयारी दाखवली होती. मॅकेननी आधी पकडलेले आधी सुटतील म्हणून नकार दिला आणि एकूण साडेपाच वर्षं काढली. आमचा गाइड पोरगेला होता. त्याने सांगितलं, मॅकेन वारले तेव्हा लोक याच दगडापाशी फुलं ठेवून गेले.

२०१५ मध्ये ट्रम्प म्हणाले की मला पकडले न गेलेले लोक आवडतात. आमच्या भिशीतल्या ज्या बाईने मला सर्वांत जास्त सुनावलं होतं, तिनेच पुढे सांगितलं की अगं, त्यांचा बोलण्याचा हेतू तसा नव्हता. माझं तिच्याशी आजही जमतं, पण हा विषय काढत नाही.

फ्रीमाँटकर

आमच्या घरचा पंचनामा. व्हिएतनाम युद्धाच्या वेळची सक्तीची भरती कुणी कशी चुकवली, याचा नवरा दर शनिवारी मित्रांबरोबर हिशेब मांडायचा: क्लिंटनने आरओटीसीचं (कॉलेजातल्या लष्करी अधिकारी प्रशिक्षणाचं) नाव पुढे करून चुकवलं, बुशचे उपाध्यक्ष चेनींना पाच सवलती, ट्रम्पना चार शिक्षणाच्या आणि एक टाचेतल्या वाढलेल्या हाडाची, बायडनना पाच शिक्षणाच्या आणि वर दमा. सगळे एकाच माळेचे मणी, पळपुटे, इत्यादी. व्हिस्कीबरोबर हे फार छान लागतं.

त्याच सुमारास आमचं ग्रीन कार्ड आलं. मुलगा अठराचा. एच-४ वर (आमच्यावर अवलंबून असलेल्याच्या व्हिसावर) असेपर्यंत प्रश्न नव्हता. ग्रीन कार्ड आलं की १८ ते २५ मधल्या मुलग्यांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीची भरती करायची वेळ आली तर लागणाऱ्या सरकारी यादीत) तेव्हा स्वतः नाव नोंदवावं लागायचं, नाहीतर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडचण. सक्तीची भरती १९७३ पासून बंद आहे, ही नुसती यादी आहे, हे मला पाठ आहे. तरी नोंदणीची पावती पोस्टाने आली तेव्हा नवऱ्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "याला लहानपणी दमा होता ना गं?"

मुलगा तिथेच उभा होता. म्हणाला, "बाबा, बायडनना पण." त्यानंतर शनिवारी क्रिकेटवर बोलतात.

बेळगावकर (सध्या मुक्काम मिनियापोलिस, मुलीकडे)

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. या विषयावर बोलायची सवय नाही. नोकरीत असताना राजकारण मेसच्या दाराबाहेर ठेवायचं असतं. पण मंगळागौरीच्या भगिनींसाठी खुलासा करतो.

वॉल्झ २४ वर्षं नॅशनल गार्डमध्ये होते. कमांड सार्जंट मेजरचा हुद्दा त्यांनी खरोखर सांभाळला, पण त्यासाठी लागणारा अभ्यासक्रम पूर्ण केला नाही, म्हणून निवृत्तीचे लाभ मास्टर सार्जंटचे. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि दोन्ही अर्धं. काम एका हुद्द्याचं आणि पेन्शन दुसऱ्याचं, हे फौजेत नवल नाही. आमच्याकडे उलटही होतं: चांगल्या सुभेदार मेजरला निवृत्तीच्या वेळी ऑनररी कॅप्टन करतात, आणि गावात तो जन्मभर कॅप्टनसाहेब.

२००५ मध्ये पलटण इराकला जायच्या आधी ते निवृत्त झाले आणि अमेरिकन काँग्रेसची (संसदेची) निवडणूक लढवली, हा दुसरा आक्षेप. लेखी हुकूम त्यांच्या निवृत्तीनंतर आला, कुणकुण आधीपासून होती. जावयांनी विचारलं, तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, मी थांबलो असतो. पण चोवीस वर्षांनंतर जो निघतो त्याला पळपुटा म्हणायचा अधिकार मी मला देत नाही. युद्धात शस्त्र बाळगल्याचं ते एकदा बोलून गेले, ते मात्र चूक. जे केलं नाही ते अंगाला लावू नये. जावयांना माझं पहिलं वाक्य आवडलं, मुलीला दुसरं.

एडिसनकर

काका, साष्टांग नमस्कार. पुढच्या मंगळागौरीला तुम्हाला व्हिडिओ कॉलवर घेणार.

नॉरफोककर

सगळं वाचत होते, लिहू की नको करत होते. माझी धाकटी नौदलात आहे. आम्हाला विचारून गेली नाही.

त्याच २०२४ च्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा आमच्याकडे हाच विषय. तिच्या मामाने वॉल्झसमोरचे रिपब्लिकन उमेदवार जे. डी. व्हान्सची टर उडवली: मरीनमध्ये होता म्हणे, पण काम काय तर बातम्या लिहायचं! पोरगी कांदेपोहे खात होती. म्हणाली, "मामा, इराकमध्ये बातम्या लिहिणाऱ्यालाही बंदूक देतात, आणि तोफगोळ्याला त्याचं ओळखपत्र वाचता येत नाही." मामा खूश, म्हणाला म्हणजे तू व्हान्सच्या बाजूची. ती म्हणाली, वॉल्झनाही कुणी हसलं असतं तर हेच बोलले असते, आणि माझं मत टपालाने गेलंय. गणवेशात प्रचार करायला बंदी असते, पण ती घरच्या कपड्यांतही ताकास तूर लागू देत नाही.

नंतर स्वयंपाकघरात तिने मला एवढंच सांगितलं की त्यांच्यात या चर्चा फारशा होत नाहीत. कुणाच्या काळात जहाज किती महिने बाहेर राहिलं, मुक्काम वाढवला की नाही, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात असतं.

फ्रीमाँटकर

@नॉरफोककर, जहाजावर फराळ पाठवता येतो का हो? आमच्या ओळखीतला एक मुलगा यंदा गेलाय, त्याची आई विचारत होती.

नॉरफोककर

येतो. एफपीओचा (नौदलाच्या टपाल कार्यालयाचा) पत्ता मिळतो, त्यावर देशातल्याच दराने जातं, कस्टमचा फॉर्म तेवढा भरायचा. दिवाळीच्या चांगलं आधी टाका, कारण जहाज कुठल्या बंदराला लागेल ते पोस्टालाही माहीत नसतं. चकली आणि कडबोळी पाठवू नका, चुरा होतो. शंकरपाळे, चिवडा, आणि लिहा की जास्त पाठवलंय. अख्खा विभाग खातो.